कासवीची अंडी आणि कोंबडीची ऊब

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे जंगल संपून काळी जमीन सुरू होते, तिथे प्राण्यांनी मिळून एक मळा केला होता. बैल नांगर ओढी, बगळे पाण्याच्या पाटावर लक्ष ठेवीत आणि बांधांची सगळी व्यवस्था कासवांकडे असे. मुलांनो, तुम्ही विहिरीत पोहणारी कासवे पाहिली असतील. ही तशी नव्हेत. ही जमिनीवरची कासवे होती, पालथ्या घमेल्याहूनही मोठी. बैल बांधावर चढला की बांध खचायचा. कासव चढले की गवतही खाल्ले जायचे आणि मातीही चोपून निघायची. म्हणून बैलाने फार वर्षांपूर्वी त्यांना माळरानावरून आणून मळ्यात वसवले होते. त्यांच्यासाठी काट्यांचे कुंपण घातले होते आणि पाणी प्यायला उथळ डबकेही केले होते.

पण कासवे आता म्हातारी होत चालली होती आणि मळ्यात त्यांचे एकही पिल्लू नव्हते. अंडी घालणारी कासवी एकच उरली होती. ती दर थंडीत अंडी घाली आणि माती सुकण्याच्या आत एक मुंगूस येऊन ती उकरून खाई. असेच चालले असते तर बांधही गेले असते आणि कासवांचे नावही.

या मळ्यात एक कोंबडी होती. अंडी उबवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. स्वतःची तर सोडाच, तिने बदकाची अंडी उबवली होती, लांडोरीची उबवली होती. याचा तिला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर जरा जास्तच होता.

त्या वर्षी कासवीने मागच्या पायांनी खड्डा खणला, त्यात अंडी घातली, माती लोटली, पोटाने दाबून घट्ट केली आणि मागे वळूनही न पाहता ती गवत खायला निघून गेली. कोंबडी हे सगळे बघत होती.

"अगं बाई! ही कसली आई?" कोंबडी म्हणाली. "लोक म्हणतात, कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. ही तर नजरसुद्धा टाकत नाही!"

ती तरातरा बैलाकडे गेली. "बैलदादा, यंदा ही अंडी मला द्या. एकूण एक पिल्लू बाहेर काढून दाखवते."

"कासवीला विचारलंस का?" बैलाने विचारले.

"विचारते की! त्याला कितीसा वेळ लागतो?"

इथेच सगळी अडचण होती, कारण कासवीला बोलायला वेळच लागत असे. तिच्या दोन शब्दांमधल्या वेळात एखादी म्हैस रवंथ करून उठली असती. कोंबडीने विचारले तेव्हा कासवी म्हणाली, "सांभाळशील तर... बरंच होईल, पोरी. पण..."

त्या 'पण'च्या पुढचे ऐकायला कोंबडी तिथे नव्हतीच. ती खड्ड्यापाशी पोचून पायांनी माती उडवू लागली होती. पांढरी, गोल गरगरीत अंडी बघून तिला मायेचे भरते आले. तिने ती एकेक करून ढकलत गोठ्यात नेली, डालग्यात मऊ पेंढा पसरला आणि पंख पसरून वर बसली.

आता कोंबडी अंडी कशी उबवते ते ठाऊक आहे ना? ती नुसती बसत नाही. चोचीने अंडी वरचेवर फिरवते, खालची बाजू वर आणि वरची खाली करते. तसे केले नाही तर आतले पिल्लू कवचाला चिकटून मरते. हे ज्ञान कोंबडीला आईकडून आले होते आणि तिच्या आईला तिच्या आईकडून. म्हणून तिने कासवीची अंडीही फिरवली. परक्याची अमानत म्हणून जरा जास्तच फिरवली.

कासवी दोनदा डालग्यापाशी आली. दोन्ही वेळा तिने मान बाहेर काढली, तोंड उघडले आणि दोन्ही वेळा कोंबडी कुजबुजली, "आत्ता नको हो आजी, ऊब मोडेल. मागाहून बोलू." ते मागाहून काही आले नाही. कोंबडी दाणे टिपायलाही उठेना. तिची पिसे गळाली, तुरा फिका पडला. गोठ्यात बैल असल्यामुळे मुंगूस लांबूनच परत जाई. सगळा मळा कोंबडीचे कौतुक करत होता.

थंडी सरली, उन्हाळाही निम्मा गेला. बैलाने विचारले की ती म्हणे, "मोठ्यांची अंडी, वेळ लागणारच." मग एक दिवस तिच्या पोटाखाली एक अंडे फुटले आणि गोठाभर घाण वास सुटला. ते आत केव्हाच मेले होते. दुसरेही तसेच, तिसरेही तसेच. कोंबडी डालग्यातून उतरली आणि कोपऱ्यात तोंड घालून रडली. त्या वेळी तिच्याइतके दुःखी मळ्यात कोणी नव्हते, कासवी सोडून.

कासवी आली. या वेळी कोंबडी तिच्यासमोर बसून राहिली.

"आमचं पिल्लू..." कासवी म्हणाली, "सुरुवातीलाच कवचाच्या वरच्या अंगाला चिकटतं. तिथेच वाढतं. अंडं उलटलं... की ते खाली दबतं... आणि गुदमरतं."

"म्हणजे मीच मारलं त्यांना."

कासवी नाही म्हणाली नाही. खूप वेळाने ती म्हणाली, "तू मारायला बसली नव्हतीस, हे मला कळतं. पण विचारायलाही... बसली नव्हतीस."

कोंबडीला पुष्कळ दिवस दाणा गोड लागला नाही.

पुढच्या थंडीत कासवीने पुन्हा खड्डा खणला. अंडी आधीपेक्षा कमीच होती. "बहुतेक ही शेवटचीच," ती म्हणाली. कोंबडी तिच्याजवळ गेली आणि बसली. "आजी, यांना काय लागतं?" असे विचारून ती गप्प राहिली. ऊन बांधावरून खाली सरकले. कोंबडीची मान अवघडली, तिच्या समोरून एक चांगला जाडजूड किडा चालत गेला, तरी ती उठली नाही.

"ऊन लागतं," कासवीने सांगितले. "कोरडी माती लागते. पाटाचं पाणी... इकडे येता कामा नये. आणि कुणी... पाय लावायचा नाही."

"आणि मी काय करू?"

"बस. जरा लांब."

बैलाने पाटाचे पाणी दुसरीकडून वळवले आणि आपली बसायची जागा खड्ड्याजवळच्या झाडाखाली आणली. कोंबडी खड्ड्यापासून जरा लांब बसली. मुलांनो, कोंबडीला माती दिसली की तिचे पाय आपोआप चालू लागतात, आणि हिने दिवसच्या दिवस पाय पोटाखाली घेऊन काढले.

माती वाळून कडक झाली. आता ती उकरायला बराच वेळ लागला असता, आणि तेवढ्यात कोंबडीने आरडाओरडा करून बैलाला उठवले असते. म्हणून मुंगुसाने निराळाच डाव टाकला.

"ताई, काळजी वाटते हो," ते लांबूनच म्हणाले. "ऊन किती कडक आहे! आत अंडी भाजून निघाली असतील. मी जवळसुद्धा येत नाही. तूच थोडं उकरून बघ. एवढी माया तुझी, आणि बघितल्यावाचून तुला राहवतं तरी कसं?"

कोंबडीला वाटले, खरेच भाजली असतील तर? गेल्या वर्षी निदान पोटाखाली तरी होती. आता तर दिसतही नव्हती. ती उठली, खड्ड्यापर्यंत गेली आणि तिने एक पाय उचलला. तो पाय तसाच हवेत राहिला. मग ती वळली आणि आपल्या जागी येऊन बसली.

"मला राहवत नाहीच," ती म्हणाली. "पण राहवत नाही हे माझं झालं. अंड्यांना ते लागत नाही." आणि तिने असा काही कलकलाट केला की बैल शिंगे खाली घालून उठला आणि मुंगूस जे पळाले ते थेट जंगलात शिरले.

उन्हाळा संपता संपता एका सकाळी खड्ड्यावरची माती हलली. लिंबाएवढे एक कासव वर आले, त्याच्यामागे दुसरे, मग आणखी काही. सवयीने कोंबडीचा पंख वर झाला. पहिले पिल्लू चालत त्या पंखाखाली आले, तसेच सरळ पलीकडे निघून गेले आणि त्याने गवताला तोंड लावले. बाकीचीही त्याच वाटेने गेली.

"आजी," कोंबडी म्हणाली, "एकानेसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही हो."

बांधावरच्या कासवीने तोंडातले गवत सावकाश संपवले. "जगली... ना?"

"जगली," कोंबडी म्हणाली. तिने पंख मिटून घेतला आणि पिल्लांना चरायला जागा व्हावी म्हणून ती आणखी थोडी मागे सरकून बसली.

तात्पर्य : ज्याच्यावर माया करायची, त्याला काय लागते ते आधी विचारावे, आणि त्याचे सांगून पुरे होईपर्यंत थांबावे.