रंगोजीला हरवणारे

एकदा एक गुरुजी होते. विद्या अपार आणि खोड्या त्याहून अपार. त्यांच्या खडावा वाजल्या की शिष्य आधी आपापल्या वाटीतला लाडू झाकून घेत.

त्यांच्या एका शिष्याकडे आश्रमातल्या आजारी रंगोजीची काळजी सोपवलेली होती. रंगोजीच्या कानाशी न दिसणारं कुणीतरी सतत बोलत असे. वैद्यांच्या औषधाने ते बोलणं पुष्कळ दबलं होतं. तरी हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला. आता तर जेवायलाही उठेना. शिष्य मनातून घाबरला. आपलं चुकलं कुठे? औषध वेळेवर, भात मऊ, बोलणं त्याहून मऊ. रंगोजी म्हणेल ते खरं. सोंगट्यांच्या खेळात तर सगळा आश्रम त्याच्याशी ठरवून हरायचा.

हे ऐकून गुरुजी म्हणाले, "आण तो पट."

रंगोजी कसाबसा उठून बसला. गुरुजींनी कवड्या टाकल्या. दान पडलं तिनाचं, सोंगटी सरकली पाच घरं. शिष्याला वाटलं, वय झालं. पुढच्या खेपेस गुरुजींनी रंगोजीची एक सोंगटी सरळ मांडीखाली सारली आणि छताकडे पाहत स्तोत्र पुटपुटू लागले. शिष्य चपापला. आजारी माणसाशी ही लबाडी?

रंगोजीने पटावरच्या आपल्या सोंगट्या मोजल्या. मग म्हणाला, "गुरुजी, मांडी उचला."

"नाही उचलवत रे. संधिवात आहे."

"माझी सोंगटी कुठाय?"

"तुझ्या कानातल्याला विचार."

शिष्याने डोळेच मिटून घेतले.

"विचारलं," रंगोजी म्हणाला. "तो म्हणतो, गुरुजी सज्जन आहेत. तो पहिल्यापासून खोटारडा. उचला मांडी."

सोंगटी निघाली. मग असं भांडण जुंपलं की गोठ्यातल्या गाईंनी माना वर केल्या. भांडता भांडता रंगोजीने समोर आलेले पोहे संपवले, गुरुजींच्या वाटणीचेसुद्धा.

बाहेर येताच शिष्य कुरकुरला, "हे तुम्हाला शोभलं का, गुरुजी?"

"औषध चालू ठेव, त्यात कसूर नको," गुरुजी म्हणाले. "त्याने दुखणं आवरतं. पण दुखणं आवरलं म्हणजे जगणं आलं, असं नव्हे. ज्याच्याशी कुणी भांडत नाही, ज्याला कुणी हरवत नाही, तो चार माणसांत असूनही एकटाच. तुम्ही त्याला इतकं जपलंत, बाळा, की त्याच्या वाट्याला खेळच उरला नाही. मी लबाडी केली खरी. पण तो ती पकडेल, या विश्वासाने केली."

शिष्य आत गेला आणि रंगोजीसमोर बसला. सवयीने हात चुकीच्या चालीकडे वळला. त्याने तो आवरला आणि मन लावून खेळला. जिंकला.

 

रंगोजीने विखुरलेल्या कवड्या एकेक करून गोळा केल्या.

"माजू नकोस," तो म्हणाला. "मांड पुन्हा."