बाधलेल्या जागा

त्या राज्यात सगळ्यांना वर जायचं होतं आणि सगळे खालीच राहत होते.

राज्य म्हणजे एक टेकडी. पायथ्याशी गुरांची वाट आणि वाटेच्या कडेला भुंगेऱ्यांची वस्ती. शेणाचा गोळा वळायचा, तो ढकलत माथ्यावर न्यायचा, तिथल्या भुसभुशीत मातीत पुरून त्यात अंडं ठेवायचं, एवढंच त्यांच्या जन्माचं काम. पायथ्याला पुरलेल्या गोळ्यांवरून गुरांचे खूर जात. त्यातून जे पोर वाचे त्याला वस्तीत भाग्यवान म्हणत, आणि वस्तीतले सगळेच भाग्यवान होते.

चढ उघडाबोडका होता. मधेच कुठेतरी गवताचा एखादा ठोंब दिसे, तोही कुणाच्या वाटेत न येणारा. त्यातून भुंगेऱ्यांची चाल उलटी. मागच्या पायांनी गोळा वर रेटायचा, डोकं खाली. त्यामुळे जायचं ठिकाण त्यांना कधीच दिसत नसे. सोडून आलेलं तेवढं दिसे.

बहुतेकांचे गोळे वाटेतच फुटत. फुटला की तीन दिवस घरी बसायचं, शेजारपाजारचे समाचाराला येत. आधी विचारत, कसा फुटला. मग विचारत, कुठे फुटला. जागा कळली की ती बाधली असं ठरे. तिकडे पुन्हा कुणी फिरकायचं नाही, पुढच्या खेपेला वाट नवी धरायची. नव्या वाटेवरचे खडे नवे आणि घसरणही नवी, पण रीत ती रीत.

काजळी या वस्तीत लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबद्दल सगळ्यांचं एकच मत पडलं: पोरगी बोलत नाही. ते खरं होतं. बोलण्यात जाणारा वेळ ती बघण्यात घालवी. महिन्याभरात तिला चढावरच्या एका वाटेचे खडे पाठ झाले. कुठे मुरूम सुटतो, कुठे पाय धरतो, कुठे दम खावा, सगळं.

तिचा पहिला गोळा मुरमाच्या जागीच फुटला. संध्याकाळी नवऱ्याच्या आत्याबाई समाचाराला आल्या. वस्तीत रीतभात त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी विचारलं, "कुठं फुटला गं?"

काजळीने क्षणभर विचार केला. खरं सांगावं तर पाठ केलेली वाट हातची जाणार. तिने लांबच्या पांढऱ्या दगडाकडे मान केली. सासरी ती पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही न बोलता.

पांढरा दगड बाधला. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

दुसरा गोळा त्याच वाटेवर जरा वर जाऊन फुटला, तिसरा त्याहून वर. दर खेपेला काजळी दुसरीकडेच मान करी आणि तिकडचा तुकडा बाधला जाई. चौथ्या खेपेला मुरमाच्या जागी, जिथे पहिल्या गोळ्याची भुकटी पडली होती, तिथे चार हिरवी टोकं उगवलेली तिने पाहिली. वाटेत एवढ्याचीच कमी होती, असं म्हणून ती वळसा घालून गेली. चौथाही फुटला.

पाचव्या खेपेला माथ्यावरचा वारा तिच्या पाठीला लागला. गोळा तिथून निसटला, थोडा खाली येऊन फुटला आणि त्याची भुकटी तिच्या डोळ्यांदेखत उतारावर पसरली. एव्हाना टेकडीची अख्खी डावी बाजू निष्कारण बाधलेली होती, आणि लोक दूरचा वळसा घेऊन चढायचे. त्याचंही तिला त्या दिवशी हसू आलं नाही.

या खेपेला आत्याबाईंनी जागा विचारली नाही. शेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "माझे तीन फुटले. उजवीकडे काळ्या दगडाखाली शेवटचा. अजून मी त्या बाजूला मान वळवत नाही. तिसऱ्यालाच शहाणी झाले मी. तुला पाच लागले, एवढंच. खालीच पूर आता. सगळ्यांवर काय खूर पडत नाहीत."

काजळीच्या पोटातलं अंडं आता फार दिवस थांबणार नव्हतं. माथ्यावरची मातीही उन्हाने कडक होत चालली होती. आणखी आठ दिवसांनी तिथे कुणाचाच पाय रुतला नसता. चौथ्या दिवशी तिने वाटेच्या कडेला खड्डा खणायला घेतला. निम्मा झाला असेल, तोच एक गाय येऊन गेली. खूर खड्ड्यापासून वीतभर लांब पडला. काजळी बराच वेळ त्या ठशाकडे बघत राहिली, मग पुन्हा खणू लागली. दुसरं करण्यासारखं होतं काय?

तेवढ्यात तिचा नवरा रावजी एक गोळा घेऊन आला. गोळा छान घट्ट वळला होता. पण तो खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबला.

"खड्ड्यात ढकलू, की वाटेवर नेऊ?" त्याने विचारलं. "तू सांगशील तसं."

"कुठल्या वाटेवर?"

"तुझ्या. पांढऱ्या दगडापाशी मी पहिल्याच दिवशी जाऊन आलो. तिथे काहीच फुटलेलं नव्हतं."

"आणि बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

चार दिवसांनी काजळी हसली. मग तिने खड्डा तसाच सोडला आणि गोळ्याला पाठ लावली.

रावजी पुढे राहून खडे बाजूला करत होता. मुरमाच्या जागी आता चांगला मूठभर गवताचा ठोंब झाला होता. काजळी त्याला वळसा घालून वर सरकली, आणि तिथेच, नेहमीप्रमाणे, मुरूम सुटला. गोळा तिला घेऊन खाली घसरला. तिने डोळे मिटले. फुटल्याचा आवाज तिला पाठ होता.

तो आला नाही.

डोळे उघडले तेव्हा गोळा गवताच्या ठोंबाला टेकून उभा होता, अख्खा. आणि ती गोळ्याला टेकून. दोघा नवराबायकोंनी तिथेच पोटभर दम खाल्ला. मग ती वर बघून नव्हे, मागचे गोळे कुठे फुटले ते आठवून चढू लागली. दुसऱ्या जागेवरचं गवत पहिल्यापेक्षा कमी होतं, तिसऱ्यावरचं त्याहून कमी. पाचव्या जागी नुसती दोन टोकं होती, तिच्या पायाएवढी बारीक. एक श्वास घेईपर्यंत गोळा टेकवायला तेवढी पुरली.

माथ्यावरची माती अजून मऊ होती. गोळा पुरून झाला, अंडं ठेवून झालं. काजळी कडेला येऊन बसली आणि इतक्या वरून तिने पहिल्यांदाच खाली पाहिलं. तिच्या वाटेवर पाच हिरवे ठिपके एका रांगेत उभे होते. बाकी चढभर, इतरांच्या बाधलेल्या जागांवर, असे ठिपके किती तरी होते, काही तर चांगले उंच वाढलेले. पण सगळे एकेकटे, एकाची दुसऱ्याशी गाठ नाही.

पायथ्याशी आत्याबाई समाचाराच्या तयारीने येऊन बसल्या होत्या. त्यांनी रिकाम्या वाटेकडे पाहिलं, माथ्यावरच्या काजळीकडे पाहिलं, मग त्या पाच ठिपक्यांवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

आत्याबाई उठल्या. सावकाश उजवीकडे गेल्या, काळ्या दगडाखाली. तिथे गवताचं एक दाट बेट माजलं होतं. त्याला त्यांनी एक फेरी घातली. मग वळून त्याला पाठ लावली, आणि मागच्या पायांनी सगळा जोर काढून रेटून पाहिलं.

बेट हललं नाही.