ऊब नावाचं मडकं

"ऊब पिऊन दादा निजतो, मग आमच्या गोधडीत तोच सगळ्यांत गार का?"

एका धाकट्या भावाने हा प्रश्न आधी बापाला विचारला, मग चुलत्याला, मग आईला. प्रत्येकाने त्याला दुसऱ्याकडे पाठवलं. लहानथोरांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही.

त्या राज्याच्या टोकाला उंच कडे होते आणि कड्यांना आग्या मोहोळं लटकत असत. वर माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं. तिथला माणूस कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली उतरे, ओल्या पानांचा धूर करून माश्या उठवी आणि पोळं कापून टोपलीत घेई. वर त्याचा भाऊ दोर धरून बसे. भाऊ सोडून दुसऱ्या कुणाच्या हाती दोर द्यायचा नाही, अशी तिथली रीत होती.

त्या गावात थंडी फार. म्हणून घरोघरी आगटीशेजारी मोहाच्या दारूचं मडकं असे. पण तिला दारू कोणी म्हणत नसे. तिला म्हणत ऊब. सकाळी भेटला की शेजारी विचारी, "ऊब घेतली का?" पाहुणा आला की ऊब, पाऊल मुरगळलं की ऊब. पोराला मिसरूड फुटलं आणि कड्यावर उतरायचा त्याचा पहिला दिवस आला, की आई त्याला ओवाळी आणि बाप स्वतःच्या हाताने त्याला पळीभर ऊब पाजी.

बाप म्हणे, बाहेर चोरून घेण्यापेक्षा घरात डोळ्यांदेखत घेतलेली बरी. आणि आपल्या रक्ताला ती बाधत नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या बापाने त्याला हेच सांगितलं होतं.

थोरल्यालाही अशीच पळी मिळाली. थोरला हसरा होता. त्याच्या मानेला कायम धुराचा वास यायचा. पोळं वर आलं की पहिला तुकडा तो धाकट्याच्या तोंडात कोंबायचा आणि म्हणायचा, "खा रे अस्वला, दोर धरायला जोर लागतो." पुढे पुढे तो कड्यावर जाण्याआधी ऊब घेऊ लागला. मग उतरून आल्यावर. मग सकाळी तोंड धुण्याआधी. घरात कुणालाही वावगं वाटलं नाही. पोरगा ऊबच तर घेत होता.

त्याच सुमारास राजाच्या कानावर गेलं, की राज्यातली कोवळी पोरं पिऊन वाया जात आहेत. राजाने दवंडीवाला पाठवला. त्याच्यासोबत एक गाडा होता आणि गाड्यावर शिंगं असलेला, लाल जिभेचा गवती राक्षस होता. दवंडीवाल्याने ढोल बडवला आणि ओरडून सांगितलं, "मद्य हा राक्षस आहे. मुलांनो, मद्याला शिवू नका."

गावाने मन लावून ऐकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाप म्हणाला, "बरं केलं राजाने. खालच्या गावांना हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं." पोरं राक्षसाची शेपटी ओढून हसली. थोरला तर ढोलापुढे नाचला, आणि नाचायला हुरूप यावा म्हणून आधी दोन पळ्या ऊब घेऊन आला होता. दवंडीवाला खूश होऊन गेला. एवढ्या गोडीने त्याचं कुठल्याच गावाने ऐकलं नव्हतं.

मग मध काढायचे दिवस आले. सकाळी बापाने थोरल्याला पळी दिली. थोरल्याने स्वतःच कमरेला गाठ मारली आणि तो कड्यावरून उतरला. धाकटा वर दोर धरून बसला होता. दोराला नेहमीचं वजन होतं. मग एकाएकी वजन नव्हतं.

धाकट्याने दोर ओढला. तो सरसर वर आला, अगदी हलका.

गाव म्हणालं, माश्या अंगावर आल्या असतील. चुलता म्हणाला, कड्याचा कोप झाला. बाप म्हणाला, दोर तुटला. धाकट्याने दोराचं टोक घरी आणलं, तरी बापाने तिकडे पाहिलं नाही.

सुतक फिटलं. कड्यावर घराचा माणूस उतरायलाच हवा होता. बापाने चुलत्याच्या पोराला जवळ बोलावलं. त्याच्या ओठांवर नुकती कुठे लव दिसत होती. "आता तुझी पाळी," बाप म्हणाला आणि त्याने पळी मडक्यात घातली.

धाकटा उठला आणि त्याने मडक्याला लाथ मारली. ऊब आगटीत सांडली, भडका उडाला, आईच्या लुगड्याचा काठ जळाला. बापाने त्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी शेजाऱ्याने दिलेलं नवं मडकं आलं. पोराचा मुहूर्त तेवढा पुढे ढकलला.

मग धाकटा रागाच्या भरात डोंगर उतरला. दवंडीवाला खालच्या गावात बैलांना पाणी पाजत होता. धाकट्याने रामराम केला नाही की काही नाही. तो म्हणाला, "म्हातारबा, तुमचा ढोल फुटका आहे. माझा दादा तुमच्यापुढे नाचला आणि मेला."

 दवंडीवाल्याने हळूच विचारलं, "मद्य पीत होता?"

"नाही. आमच्याकडे मद्य कोणीच पीत नाही."

"मग काय घेत होता?"

"ऊब."

म्हाताऱ्याने हातातली बादली खाली ठेवली. तो शब्द त्याने दोनदा पुटपुटला. मग म्हणाला, "लेका, मी राज्यभर ओरडत फिरलो, पण कुणाच्या आगटीपाशी बसलो नाही. चल."

या वेळी ढोल खालीच राहिला. राक्षसही खालीच राहिला. म्हातारा धापा टाकत वर आला आणि बापासमोर बसला. त्याने उपदेश केला नाही. थोरला कसा होता, एवढंच विचारलं. बाप पोराबद्दल बोलत राहिला आणि बोलता बोलता त्याने सवयीने ऊब घेतली. एकदा घेतली, पुन्हा घेतली.

धाकट्याला राहवलं नाही. त्याने दोराचं टोक बापाच्या मांडीवर टाकलं. "बघ बा. हा तुटलाय का?"

बापाने टोकावरून बोट फिरवलं. एकही धागा तुटला नव्हता.

"गाठ सुटली. आता तू बांध. माझ्या कमरेला."

"खुळा का रे? जन्मभर हीच गाठ बांधली मी," बाप म्हणाला. त्याने दोर घेतला आणि झोकात गाठ मारली. धाकट्याने हिसका दिला. शेवटचा वेढा राहून गेला होता; गाठ निसटली. बापाने पुन्हा मारली, या वेळी नीट बघून. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा त्याने दोर उचलला नाही.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी पळी मीच दिली होती."

आई रडू लागली. धाकट्याने आपला जुना प्रश्न पुन्हा विचारला. बाप म्हणाला, "मला ठाऊक नाही. माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. पण या घरात आता कुठल्या पोराच्या तोंडाला पळी लागणार नाही. आणि मीही घेणार नाही. मी घेतली तर पोर माझं ऐकेल कशाला?"

बापाने ते पाळलं. झोप उडाली, चुलत्याने चेष्टा केली, तरी पाळलं. ते पाहून आधी शेजारच्या घरातलं मडकं गेलं, मग वरच्या आळीतलं. दवंडीवाल्यानेही आपली रीत बदलली. आता तो गावात शिरला की आधी आगटीपाशी बसे आणि आईबापांना विचारी, "तुमच्या घरात तिला काय म्हणतात?" काही ठिकाणी तिला औषध म्हणत, काही ठिकाणी मर्दानगी. ढोल त्यानंतर वाजे, आणि त्याच शब्दाने वाजे. पोरं आता हसत नसत. घरात आईबाप आणि चावडीवर दवंडी एकच बोलत होती.

पुढच्या वसंतात चुलत्याचा पोरगा पहिल्यांदा कड्यावर निघाला. आईने त्याला ओवाळलं. धाकट्याच्या बापाने त्याच्या तळहातावर मधाचा तुकडा ठेवला. लहान भावंडं भोवती उभी होती. एकाने विचारलं, मडक्यातल्या त्या पाण्याला आता काय म्हणायचं?

"सुटगाठ," धाकटा म्हणाला. "कुणी देऊ लागलं तर याच नावाने ओळखा. ऊब म्हणायचं ते गोधडीला."

मग त्याने पोराच्या कमरेला थोरल्याचाच दोर बांधला, शेवटचा वेढा घातला, हिसका देऊन पाहिला आणि पोरगं वर येईपर्यंत दोर हातातून सोडला नाही. दवंडीवाल्यासोबत पुढच्या गावांना निघण्याआधी त्याने घरच्यांसाठी केलेलं हे शेवटचं काम.

बोध असा: दवंडी मुलांच्या कानात जाते, पण घरातला शब्द त्यांच्या पोटात जातो, म्हणून मुलांना वाचवायचं तर आधी घरातला शब्द बदला.