रंगारणीने शिकलेला शब्द

कोणे एके काळी, म्हणजे आपल्या खापरपणजोबांनाही दात आले नव्हते तेव्हा, एका खाडीकाठी लहानसे राज्य होते. खाडीचे पाणी खारे, पण तिला येऊन मिळणारी नदी मात्र गोड्या पाण्याची. त्या नदीच्या काठावर रंगाऱ्यांची आळी होती. तिथले लाल कापड लांबलांबच्या मुलखांत जाई.

या आळीत एक रंगारीण राहत होती. नवऱ्याच्या मागे तिनेच भट्टी चालवली होती. बोलणे मोजके, पण कान तिखट. तिला अक्षराची ओळख नव्हती, तरी मोठमोठ्या पंडितांपेक्षा मला ती थोर वाटते. का, ते सांगतो.

एकदा सातासमुद्रापलीकडून एक इंग्रज जहाज आले आणि खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून राहिले. त्याचा कप्तान दरबारात आला. त्याने लाल कापडाचा तुकडा हातात घेतला आणि काहीतरी सांगितले. बोलताना एक शब्द तो तीनदा म्हणाला, 'फास्ट'.

राजाने दुभाष्याकडे पाहिले. दुभाष्याला इंग्रजीतले चाळीस शब्द येत होते आणि गर्व चारशेंचा होता.

"सोपं आहे, महाराज," तो म्हणाला. "धक्क्यावर खलाशी हमालांना 'फास्ट, फास्ट' म्हणतात आणि हमाल पळत सुटतात. फास्ट म्हणजे लवकर. जहाजाच्या निशाणांसाठी दहा थान लाल कापड हवं आहे, आणि ते लवकर हवं आहे."

हसू नका. हा शब्द तुम्ही आम्ही दिवसातून दहा वेळा वापरतो, आणि आपल्यालाही बहुधा हाच एक अर्थ ठाऊक असतो.

राजाने हुकूम सोडला, "आठ दिवसांत कापड द्या. पाहुणा नाराज होऊन गेला, तर रंगाऱ्यांनी नदीकाठ सोडायचा. तिथे गोदामं बांधू."

आळीवर आभाळच कोसळले. वाहते गोडे पाणी सुटले, तर रंगाऱ्याने रंगवायचे कशात? आणि आठ दिवसांत लाल कापड होते कुठे! हिरड्याच्या पाण्यात भिजवायचे, तुरटी द्यायची, मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर उकळायचे, नदीत धुवायचे, उन्हात वाळवायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला एकवीस दिवस लागत.

रंगारणीचा दीर आळीचा म्होरक्या होता. दरबारात तोच हजर होता. तो म्हणाला, "वहिनी, हुकूम तो हुकूम. दोन बुडवण्या देऊ आणि मोकळे होऊ. दिसायला लालच दिसेल."

"भावजी, आठ दिवसांत रंग लागतो, बसत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीच सांगितलंत, बोलताना तो कप्तान कापडावर अंगठा घासत होता. ज्याला घाई आहे तो कापड कशाला घासत बसेल?"

दुसऱ्या दिवशी ती धक्क्यावर जाऊन बसली. जहाजावरचे खलाशी पाणी भरायला होडीतून आले होते. ते हमालांवर ओरडले, "फास्ट!" हमाल पळाले. म्हणजे दुभाष्याचे खोटे नव्हते.

मग एका खलाशाने होडीचा दोर खुंटाला गुंडाळला, अंगाचा सगळा भार टाकून ओढून पाहिला. दोर तसूभरही हलला नाही. खलाशी समाधानाने म्हणाला, "फास्ट!"

रंगारणीने कान टवकारले.

दुपारी एक म्हातारा खलाशी सावलीत घोरत पडला होता. सोबत्याने त्याला दोनदा हलवले, पण तो जागा होईना. सोबती दुसऱ्याकडे बघून हसला आणि जे काही बोलला, त्यातही तोच शब्द होता.

पळणारा हमाल फास्ट, बांधलेला दोर फास्ट, आणि घोरणारा म्हाताराही फास्ट! घरी येताना वाटभर ती विचार करत राहिली. मग एकदम थांबून स्वतःशीच हसली. आपण तरी काय करतो? गाठ पक्की म्हणतो, चोरही पक्का म्हणतो. म्हणून चोराला कुणी ओढून बघते का, सुटतो की नाही ते?

ती तडक दुभाष्याकडे गेली. "दुभाषीबुवा, हा शब्द माणसाबरोबर पळतो, पण दोराबरोबर घट्ट बसतो. कापडाबरोबर काय करतो, ते एकदा कप्तानांना विचारा ना."

दुभाष्याने नाक मुरडले. "रंगाच्या पिंपात हात घालणाऱ्यांनी शब्दांत हात घालू नये, बाई."

ती तशीच मागे फिरली. घरी आली आणि दहा थाने हिरड्याच्या पाण्यात टाकली. पहिल्या दिवसाचे काम, पहिल्या दिवसासारखेच. तिकडे दिराने दोन बुडवण्यांत दहा थाने लाल करूनही टाकली. शेजारणी तिला दूषणे देत होत्या, आळीचा काठ पणाला लागला होता, आणि ही बाई शांतपणे मंजिष्ठ कुटत होती. मला तरी एवढे धैर्य झाले नसते.

आठव्या दिवशी राजा धक्क्यावर आला. कप्तानही आला, आणि आळीबरोबर रंगारीणही. दिराने थाने उलगडली. लालभडक! राजा खूश झाला.

कप्तानाने बादलीभर खारे पाणी मागवले, कापडाचे टोक त्यात बुडवले आणि पिळले. पाणी लाल झाले. कप्तानाने कापड खाली टाकले आणि तो होडीकडे वळला.

राजाचा चेहरा उतरला. "आणि तुझं कापड कुठे आहे?" राजाने रंगारणीला विचारले; तिने वेगळी थाने घातल्याचे त्याच्या कानावर आले होते.

"भट्टीवर, महाराज. अजून चौदा दिवस लागतील."

एवढे बोलून तिने डोक्यावरची चुंबळ सोडली. ओझ्याखाली घ्यायचे ते जुने लाल फडके. बारा वर्षांपूर्वी तिनेच रंगवलेले, बारा वर्षे ऊन, घाम आणि पाणी सोसलेले. दुसऱ्या बादलीतल्या खाऱ्या पाण्यात तिने ते बुडवले आणि कचकचून पिळले. पाणी होते तसेच स्वच्छ राहिले.

मग तिने होडीच्या दोराकडे बोट केले आणि म्हणाली, "फास्ट." फडके उंच धरले आणि विचारले, "फास्ट?"

कप्तान जागीच थांबला आणि खदखदून हसला. "फास्ट!" तो ओरडला, "फास्ट!" आणि त्या अडाणी रंगारणीपुढे त्याने डोक्यावरची टोपी काढली.

तिने सूर्याकडे बोट दाखवून चौदा बोटे मोजली. कप्तानाला हवा होता तो धुतल्यावर न सुटणारा पक्का रंग; ज्याला फार घाई आहे असे सगळे समजत होते, तो पाय पसरून धक्क्यावरच बसला, जणू चौदा दिवस इथेच काढणार होता.

राजाने नदीकाठ रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लिहून दिला. दीर मुकाट्याने वहिनीच्या भट्टीला लाकडे घालू लागला. आणि दुभाषी मान खाली घालून तिच्यापुढे उभा राहिला.

"बाई, मला कप्तानांना विचारता आलं असतं, ते मी विचारलं नाही. तुला हा शब्द शिकवला कुणी?"

"दोरानं," रंगारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दुभाषी रोज धक्क्यावर जाऊन बसू लागला. उरलेले एकोणचाळीस शब्द त्याला नव्याने शिकायचे होते.

तात्पर्य: शब्दाला एकट्याला धरून त्याचा अर्थ लावू नये, तो कुणाच्या शेजारी बसला आहे, ते आधी बघावे.