भिवरेच्या सड्यावरच्या चिंध्या

वरंबवाडीच्या माथ्यावर सडा आहे, उघडं खडकाळ पठार. त्यावर कंबरेएवढी झुडपं आहेत आणि जवळपास प्रत्येकाला चिंधी बांधलेली आहे. काहींना तांबडी, काहींना पांढरी. पाहुणे विचारतात, नवसाच्या का? पायथ्याशी ताक विकणारे दौलतनाना मान हलवतात. "नवसाच्या न्हाईत, पाव्हनं. वळखीच्या हायेत." मग गोष्ट सांगतात. नाना ती गोड करून सांगतात. मुळात ती गोड नाही.

झुडपं दोन जातींची आहेत, सोनदवणी आणि काळदवणी. मागे कॉलेजचे लोक भिंग घेऊन आले होते. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, असं सांगून गेले. करवती कडांचं तेच पान, पानाखाली तीच पांढरी लव, चुरगळलं की दवण्यासारखा तोच वास. पौषात सोनदवणीला पिवळे गेंद येतात, काळदवणीला जांभळे. एक गेंद म्हणजे एक फूल नव्हे, वीस-तीस बारीक फुलांचा मेळा. पण तो फुटेपर्यंत भिंगवाल्यांनाही छातीठोकपणे काही सांगता आलं नाही.

वरंबवाडीच्या म्हाताऱ्यांना मात्र सगळं सांगता येत होतं.

फार मागे, असं सांगतात, हैबती नावाचा गावचा सर्वांत वडील माणूस होता. काळदवणी विषारी. बाळंतिणीच्या तापावर सोनदवणीचा काढा द्यायचे आणि घट बसायच्या आदल्या दिवशी पानं खुडायचा मान वडीलधाऱ्याचा असायचा. फूल आलं की पानातला रस जातो, अशी समजूत होती. हैबतीची झुडपं ओळखायची रीत साधी होती. उगवतीकडची ती सोनदवणी, कड्याकडची ती काळदवणी. बापानं तसं दाखवलं, बापाला आज्यानं. झाड त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, पाहिली ती फक्त जागा. या झुडपांचं बी कापसाच्या पंखांवर उडतं. वारा काही हैबतीच्या आज्याला विचारून वाहत नाही.

त्या वर्षी त्याची धाकटी सून चंद्रा बाळंत झाली आणि तापली. हैबतीनं पानं आणली. थोरली सून भिवरा, विधवा, तिनं काढा उकळला आणि जावेचं डोकं मांडीवर घेऊन पाजला. सकाळी चंद्रा गेली.

भिवरेनं भांडं घासायला घेतलं. घासण्याआधी तळाचा गाळ जिभेवर ठेवला. जीभ घटकाभर बधिर झाली. ती पंचांपुढे गेली; हैबतीही पंचांतलाच. "मामंजी, ती सोनदवणी नव्हती. कड्याची जात उगवतीला आलीय."

पंच हसले म्हणे. "बाईच्या जिभेवर गाव चालवायचा व्हय गं?"

हैबती हसला नाही. "काढा जास्त उकळला तू. तेवढं कबूल कर. चूल तुझीच हाय."

कबूल केलं असतं, तर घर होतं. पण पुढच्या घटाला हैबती पुन्हा तिथलीच पानं खुडणार होता आणि कुणीतरी बाळंतीण ती पिणार होती. भिवरा म्हणाली, "फुलू दे. फूल येईस्तवर मी खाली येत न्हाई." आणि ती सड्यावर चढली.

तिथे तिनं काय केलं, ते नाना दोन वाक्यांत उरकतात. ती रोज चार-पाच झुडपांची पानं चावायची. जीभ बधिर झाली की लुगड्याचा तांबडा काठ फाडून बांधायची, नाही झाली की मधलं पांढरं अंग. झुडपं तीनशेच्या वर होती. लुगडं आखूड होत गेलं, थंडी वाढत गेली; ती काटक्या पेटवून शेकायची. खाली स्वतःच्या घराचा धूर दिसायचा. दुसरं कुणीतरी चूल पेटवत होतं. सुरुवातीला ती झुडपांशी बोलायची. तूही बाईच गं, फुलेपर्यंत तुला कोण ओळखणार, असं काहीबाही. मार्गशीर्षात बोलणंही थांबलं, कारण जीभ आता दिवसभर लाकडासारखी पडून असायची.

हैबती एकदा आला. भाकरी कड्यावर ठेवली. "उतर, भिवरे. एकदा म्हण फक्त."

तिला म्हणायचं होतं, पानं कुणी खुडली, मामंजी? ओठ हलले, शब्द आला नाही. त्यानं तो हट्ट समजला आणि तो उतरला.

पौषात गेंद फुटले. पांढऱ्या चिंधीच्या झुडपांना पिवळे, तांबड्या चिंधीच्यांना जांभळे, एकही चूक नाही. हैबतीनं उगवतीकडच्या ज्या झुडपाची पानं खुडली होती, ते जांभळं झालं होतं. ती कड्यावर धावली आणि खाली ओरडली. गावाला नुसता आवाज ऐकू गेला. येडी ओरडतीय, म्हणाले आणि कामाला लागले.

तीन दिवस वरचा धूर दिसला नाही, तेव्हा हैबती चढला. भिवरा त्याच जांभळ्या झुडपापाशी बसल्या बसल्या गेली होती. लुगड्याचं जे उरलं होतं, त्यानं अंग झाकलं जात नव्हतं. हैबतीनं आपलं पागोटं सोडून तिच्यावर घातलं. मग तो एका चिंधीपासून दुसरीकडे असा सगळा सडा फिरला. खाली येऊन पंचांपुढे म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं."

उरलेले पंच म्हणाले, ती देवी झाली. म्हणणारच. माणसाची माफी मागावी लागते, देवीला नारळ फोडला की भागतं.

आजही घट बसायच्या आदल्या दिवशी गाव सड्यावर जातो. पानं कुणी खुडत नाही, फुलापर्यंत थांबतात. विरलेल्या चिंध्या सुना बदलतात. नव्या झुडपाला गावची सर्वांत नवी सून पौषात फूल बघून कोरी चिंधी बांधते, तांबडी नाहीतर पांढरी. त्याआधी, घटाच्या या दिवशी, ती गावच्या सर्वांत वडील माणसाला त्या झुडपापाशी उभं करून विचारते, "ही कोणती?" आणि त्यानं म्हणायचं असतं, मला ठाऊक नाही.

यंदा तो मान दौलतनानांचा होता. ते पुटपुटले.

"नाना, ऐकू न्हाई आलं," सून म्हणाली.

"ठाऊक न्हाई!"

मग कड्यावर एक भाकरी ठेवतात आणि सगळे उतरतात. पाहुण्यांना हे फार भावतं. भाकरी गरम असते. ती खायला वर कुणी नसतं.