हिवरदऱ्याचं रिकामं पान

हिवरदऱ्याच्या म्हातारआईच्या जत्रेला काहीलभर खपली गव्हाची खीर शिजते. आधी पुरुषांची पंगत उठते, मग बायकांची बसते. बायकांच्या पंगतीत एक पान जास्तीचं मांडतात, त्यावर काहिलीच्या तळाची घट्ट खीर वाढतात, आणि तिथे कोणी बसत नाही. नवखा पाहुणा विचारतो, हे पान देवीचं का? तेव्हा देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून हसतात. पायरीवर म्हाताऱ्याच असतात. त्यांच्या जोडीचे म्हातारे या गावात टिकत नाहीत, आणि त्याचं कारण त्या पानापाशीच आहे असं सांगतात.

फार मागे गावात पटकी आली. ठकूबाईचा नवरा हैबती मरणाच्या दारातून परतला खरा, पण अंगावर मांस उरलं नव्हतं. घास गिळताना त्याला धाप लागे. ठकूबाईनं देवीच्या उंबऱ्यावर डोकं टेकून एकच मागणं मागितलं, दोघांना बरोबर म्हातारं होऊ दे.

देवी म्हणे जख्ख म्हातारीच्या रूपानं आली. जत्रेची काहील चुलवणावर चढली होती, ठकूबाई ढवळत होती. म्हातारीनं पदराची गाठ सोडून मूठभर गहू काहिलीत टाकले. म्हणाली, "यात आयुष्य हाय. पर माझं गहू जड, बुडाला बसत्यात. ढवळून वाढा, अन् समदी एकाच पंगतीला बसा." एवढं बोलून ती गाभाऱ्यात शिरली, ती पुन्हा बाहेर आलीच नाही.

निरोप ऐकून गावचे मर्द पारावर विचाराला बसले. पटकीच्या दिवसांत वैद्य आणायला यांच्यातला एकही शिवेबाहेर गेला नव्हता, पण बायकांबरोबर जेवायचं म्हटल्यावर सगळ्यांची अब्रू एकदम जागी झाली. पाटलांनी निवाडा दिला की देवीची खीर खाऊ, पण आधी आम्ही. त्यात खिरीवर तुपाचा थर तरंगत होता. ढवळलं तर तूप खाली जाणार, म्हणजे बायकांच्या वाट्याला जाणार. ठकूबाईनं उलथणं उचललं तशी पाटलांनी तिला दटावलं.

"ढवळू नगंस. वरचं वरचं वाढ."

मग ती हैबतीपाशी गेली. चारचौघांत नवऱ्याशी ती कधी बोलली नव्हती, त्या दिवशी बोलली. "एवढ्या डावाला माझ्या शेजारी बसा, धनी. गहू खाली हाय."

हैबतीला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नव्हतं. तरी म्हणाला, "बायकांच्या पंगतीला? गाव काय म्हणंल?" आणि भिंत धरत धरत पहिल्या पंगतीला जाऊन बसला.

पुरुषांनी गुळाचं पाणी आणि तूप ओरपलं, मिशांवरून बोटं फिरवली, ढेकर दिले. मग बायका बसल्या, त्यांच्या पानात सगळा गहू आला. ठकूबाईनं आपल्यातला अर्धा वाटीत घालून घरी नेला. बायकांच्या पंगतीचं उरलेलं मी खाऊ का, म्हणून हैबतीनं ती वाटी अंगणात कुत्र्यापुढं ओतली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो असा.

पुढची जत्रा हैबतीला दिसली नाही. ते कुत्रं मात्र त्याच्या तेराव्याला अंगणात होतं आणि नातीच्या लग्नातही होतं म्हणे. पहिल्या पंगतीचे बाकीचे मर्दही एकेक करून गेले. बायका राहिल्या.

ठकूबाई फार जगली. एकटीनं जगली, आणि रडणं सरल्यावर तिला नुसता राग येई. "पटकीनं न्हेला असता तर सोसलं असतं," ती म्हणायची, "त्यो तुपापायी गेला." दर जत्रेला ती आपल्या शेजारी एक पान मांडू लागली. ज्याला जगायचं असेल त्यानं लाज सोडून इथं बसावं, असं तिचं सांगणं.

आजही ते पान मांडतात. ही गोष्ट हिवरदऱ्यातल्या एकूण एक पुरुषाला पाठ आहे, पाहुण्यांना तेच रंगवून सांगतात. सांगून झालं की पहिल्या पंगतीला धावतात आणि वाढप्याला बजावतात, ढवळू नकोस. जेवल्यावर मिशा पुसत येऊन त्या पानाला लांबूनच हात जोडतात. बायकांची पंगत उठते, तेव्हा पानावरची खीर देवळामागच्या कुत्र्याला घालतात. कुत्रं चांगलं म्हातारं आहे.