दाराला गेलेलं लोखंड

कठड्यावर बसा, झाडाखाली बसा, हवं तर रस्त्यातच फतकल मारा. ऐरणीवर तेवढं बसू नका. कोणी रागावणार नाही, पण मला बघवणार नाही. आणि सांगता सांगता मी मधेच उठून वळणापाशी गेलो, तर तेही मनावर घेऊ नका. आज अक्षय्य तृतीया. खालून तळवट गावाचा टेम्पो यायचाय. दहाला पोचतो म्हणाले होते, आता अकरा वाजून गेले. तो दिसेपर्यंत माझा पाय काही एका जागी ठरायचा नाही.

ही खिंड बघा. दोन्ही बाजूंना घडीव दगडाचे खांब आहेत, वर आडवी शिळा आहे, दार फिरायला कोरलेल्या खोबणीही आहेत. फक्त दार नाही. ही जुनी ऐरण मात्र उन्हापावसात इथेच पडलेली असते, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण खालचा गोटा उचलून तिच्यावर एक ठोका मारतो. मोटारवालेसुद्धा गाडी थांबवून उतरतात. तिला गंज चढत नाही, हा घाटजाई देवीचा चमत्कार आहे असं सांगतात. रोज शे-दोनशे ठोके खाणाऱ्या लोखंडाला गंजायला सवड कधी मिळणार, असं मला वाटतं. पण ते जाऊ द्या.

फार मागची गोष्ट आहे. किती मागची ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. हे वरचं सगळं कारवंडीचं पठार, बावीस गावांचं. तेव्हा ते खालच्या राजाच्या मुलखात होतं. वर काय नव्हतं? नाचणी होती, वरई होती, तूप, मध, हिरडा, सागाचं लाकूड होतं. यातला मोठा वाटा दरसाल खाली जायचा, आणि खालून वर यायचे ते फक्त वसुलीचे शिपाई. दोन दुष्काळ पडले तेव्हाही शिपाई आले, धान्य आलं नाही. तक्रार खोटी नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर गोष्ट ऐकून लोक आमच्या वाडवडिलांना नुसतं अडाणी ठरवतात.

तेव्हा बावीस गावांचा पुढारी होता राणूनाईक. त्याने घाटजाईच्या माळावर लोक जमवले आणि आपण आता वेगळे असं जाहीर केलं. आपलं आपण पिकवू, आपलं आपण खाऊ, आपलं नाणं पाडू आणि खिंडीला दार लावू. लोकांनी भंडारा उधळला म्हणे. अशा दिवशी माणसाला हलकं वाटतंच. मी असतो तर मीही उधळला असता.

मग दार करायचं ठरलं. सागाच्या फळ्या हव्या तेवढ्या होत्या. लोखंड मात्र पठारावर निघत नाही. ते खालून बैलांच्या तांड्यांवर यायचं, मिठाच्या गोण्यांबरोबर. म्हणून नाईकाने दवंडी पिटली, की घरात जे मोडकं लोखंड असेल ते दाराला द्या. लोकांनी हौसेने दिलं. नांगरांचे झिजलेले फाळ, तुटके विळे, साखळ्या, खुंट्या, जात्याचे खुंटे. वापरातलं कोणी दिलं नाही. सगळं टाकाऊच होतं, असं त्यांना वाटलं.

हे लोखंड घडवायचं काम म्हाळू लोहाराकडे आलं. बावीस गावांत लोहाराचं घर तेवढं एकच. त्याच्या बलुत्यात एकच मोठी जबाबदारी होती: दर साली नांगरणीच्या आधी प्रत्येक फाळाला नवं टोक जोडून द्यायचं. आमच्या जमिनीत मातीपेक्षा दगड जास्त, एका हंगामात फाळ बोटभर उरतो. आणि ते नवं टोक कशाचं व्हायचं? याच मोडक्या लोखंडाचं. लोक ज्याला भंगार समजून देऊन मोकळे झाले, ती पुढच्या सालाची नांगरणी होती.

म्हाळूला हे कळत नव्हतं असं नाही. पण सगळा जन्म फाळ आणि खुरपी करण्यात गेलेला, आणि आता समोर केवढं दार. नाईकाला त्यावर सुळेही हवे होते, हातभर लांब, हत्तीने धडक मारू नये म्हणून. या घाटात हत्ती कधी चढला नव्हता आणि चढणारही नव्हता. बकरी चढताना दमते. पण मोठ्या गडांच्या दारांना सुळे असतात, तर आपल्याला का नकोत? म्हाळूने एकोणचाळीस सुळे केले. हाताला काम आवडलं की डोकं गप्प बसतं, असं माझे आजोबा म्हणायचे.

दार उभं राहिलं त्या दिवशी नाईकाने म्हाळूला देवीपुढे उभं केलं. हे दार ज्याने जोडलं त्यालाच ते सोडवता येईल, म्हणून शपथ त्याचीच हवी होती. म्हाळूने भंडारा उचलला आणि म्हणाला, या दाराचा एक खिळा जरी मी काढला, तर माझी ऐरण माझ्या घरात राहणार नाही. लोहाराने याहून मोठं काही पणाला लावता येत नाही.

थांबा, काही वाजलं का? नाही, एसटी आहे.

तर पहिलं वर्ष बरं गेलं. वसुलीला कोणी आलं नाही. घराघरात धान्य राहिलं, लोक पोटभर जेवले. मग हळूहळू चुळबुळ सुरू झाली. तूप विकायला काढावं तर घेणार कोण? शेजाऱ्याच्या घरातही तूपच. बावीस गावांचा बाजार भरायचा आणि प्रत्येकाच्या टोपलीत तेच असायचं जे समोरच्याच्या टोपलीत. लोक माल मांडून एकमेकांकडे बघत बसायचे आणि दुपारी उचलून घरी न्यायचे. मधाची गाडगी मुंग्यांनी खाल्ली. नाईकाने तांब्याचं नाणं पाडलं होतं, सुबक होतं म्हणतात, पण खिंडीच्या पलीकडे ते कोणी हातात धरेना. माणसं उत्तरेच्या घाटाने लोखंड आणायला गेली, तीन आठवडे पायपीट करून नाण्यांची पिशवी तशीच परत घेऊन आली.

तांड्यांनी तर कधीच दुसरी वाट धरली होती. त्यांच्याबरोबर मीठ गेलं. माणसांनी कसंबसं निभावलं, पण जनावरं बिथरली. तो वरच्या बाजूच्या वळणावरचा खोलगट धोंडा दिसतो ना? तांडेवाले तिथे गोण्या टेकवायचे, वर्षानुवर्षं मीठ मुरलेलं. पठारावरची गुरं दावी तोडून तिथे यायची आणि दिवसभर दगड चाटत राहायची. चाटून चाटून तो असा झाला असं सांगतात.

दुसऱ्या वर्षी फाळ संपले. चैत्रात लोक नेहमीसारखे म्हाळूच्या भट्टीवर आले. कोणाचा फाळ अंगठ्याएवढा, कोणाचा त्याहून कमी. त्यांनी ते भट्टीपुढे ठेवले आणि टोक जोडून मागितलं. जोडायला म्हाळूकडे खिळाभरही लोखंड नव्हतं. त्याने बाभळीची टोकं तासून दिली. ती नांगराच्या पहिल्याच फेरीत दगडाला लागून फुटली. माणसं परत यायची, ओट्यावर बसायची, उठून जायची. मृगाला महिना-सव्वा महिना उरला होता. जमीन नांगरली नाही तर पेरणी नाही, आणि मागल्या सालचं धान्य कणग्यांच्या तळाला गेलेलं.

म्हाळूची झोप उडाली, जेवणावरची वासना गेली. दिवसातून चार वेळा तो खिंडीकडे जायचा, दार बघायचा आणि परत यायचा. सुळे मोजायचा म्हणे. एका सुळ्यात दोन फाळ, दाराच्या एका पट्टीत पाच. हात शिवशिवायचे, ते तो काखेत दाबून धरायचा. त्याची बायको ठकू सगळं बघत होती. ती भाता ओढायची, घणही मारायची; तिला काही सांगावं लागत नव्हतं. शपथ मोडली तर ऐरण जाणार, ऐरण गेली तर बलुतं जाणार, आणि पदरात तीन मुलगे. तिने त्याला एवढंच विचारलं, "बावीस गावांस्नी फाळ देशील. पोरांच्या हातात काय देशील?"

तो उठून पुन्हा दार बघायला गेला.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, चांगलं लख्ख ऊन पडलेलं असताना, म्हाळूने ऐरण खांद्यावर घेतली आणि तो गावातून चालत निघाला. ही ऐरण चार माणसांना जड जाते. त्याला ती एकट्याला कशी पेलली, कोण जाणे. देवीने हात लावला म्हणतात. मागे ठकू, डोक्यावर भाता घेऊन. ती का आली तेही कोणाला माहीत नाही. लोक कामं टाकून मागे लागले, आणि दारापाशी राणूनाईक आडवा आला.

"म्हाळू, तू देवीपुढं शबूद दिलाय," नाईक म्हणाला.

"दिलाय. आन् मोडला तर ऐरण घरात ऱ्हानार न्हाई, ह्ये बी बोललोय. म्हनूनशान ती संगं आणलीया." म्हाळूने ऐरण खाली ठेवली, ती जिथे ठेवली तिथेच आज आहे. "नाईक, दार राखायचं तर रानं पडीक ठेवा. रानं नांगरायची तर दार द्या. दोन्हीला पुरंल येवढं लोखंड पठारावर न्हाई."

नाईकाने मागे जमलेल्या माणसांकडे पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही घरचे नांगर आढ्याला टांगलेले होते. शेवटी तो बाजूला झाला, आणि पहिला खिळा निघताना फळी डगमगू लागली तेव्हा तिला खांदा त्यानेच दिला.

दार पुरतं उतरलंही नव्हतं, तेवढ्यात जी गोष्ट घडली ती सांगताना म्हातारी माणसं हसतात आणि डोळेही पुसतात. पलीकडे तळवटाचे लोक जमले होते. त्यांचीही दोन वर्षं सुखाची गेली नव्हती. त्यांच्याकडे फाळ होते, पण नांगराला आणि जुवाला लाकूड नव्हतं, ते वरूनच जायचं. ठोके ऐकून ते वर चढून आले होते, आणि कोणाच्या तरी डोक्यावर मिठाची पाटी होती. धोंडा चाटत असलेल्या पठारावरच्या गुरांना तिचा वास लागला. माणसं अजून एकमेकांकडे संशयाने बघत होती, कोणी कोणाला आधी रामराम करायचा याचा विचार चालला होता, आणि बावीस गावांची गुरं त्यांच्या मधून मुसंडी मारून पलीकडे गेली. ती आणायला वरची माणसं धावली, आवरायला खालची धावली. सीमा मोडली ती अशी.

म्हाळूने तीन दिवस इथेच, या ऐरणीवर, दाराचे फाळ केले. ठकूने भाता ओढला. शेवटचा फाळ देऊन त्याने हातोडा खाली ठेवला. पुढे राजाशी बोलणी झाली, वसुली निम्म्यावर आली, दुष्काळात धान्य वर पाठवायचं ठरलं, आणि पठार पुन्हा त्याच मुलखात गेलं. आपण हरलो असं काही जण आजही म्हणतात. त्यावर इथे चहाच्या दुकानात अजून भांडणं होतात. पण खिंडीला दार पुन्हा लागलं नाही.

म्हाळूला सगळ्यांनी सांगितलं, ऐरण घरी ने. देवीचा कौल लावू, शपथ सुटेल. नाईक स्वतः घरी येऊन बसला. म्हाळू नको म्हणाला. बोललेलं सोयीने फिरवायचं असेल तर उद्या माझ्या फाळावर कोण विश्वास ठेवील, असं तो म्हणाल्याचं सांगतात. मग बावीस गावांनी त्याच्या घराला खिंडीतल्या पाणपोईचं काम दिलं, आणि लोहारकाम तळवटाच्या लोहाराकडे गेलं.

तेव्हापासून आजतागायत, अक्षय्य तृतीयेला तळवटाचा लोहार एक नवा फाळ घेऊन वर येतो आणि पठार त्याला सागाचं एक जू देतं. फाळाचा पहिला ठोका या ऐरणीवर पडल्याशिवाय वर कोणी जमिनीला नांगर लावत नाही. आता नांगर ट्रॅक्टरला असतात, तरी लावत नाहीत.

आला बघा. पिवळा टेम्पो, वळणावर. चला, तुम्हीही एकेक ठोका मारा, पाहुण्यांना मुभा आहे. वरची माणसं मारतात, खालची मारतात, बायका-मुलं मारतात. मी? नाही, मी पाणी भरतो. पाणपोईचा हा रांजण आमच्या घराकडे आहे. आडनाव आमचं अजून लोहारच, पण नऊ-दहा पिढ्यांत कोणी हातोडा धरलेला नाही. बाकी कोणालाही ठोका चालतो, म्हाळूच्या शपथेपायी आमच्या घराला चालत नाही. एवढा वेळ मी हात असे काखेत धरून का बोलत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. आज फार शिवशिवतात.